अत्तराची रिकामी कुपी

विशीच्या आंत असतांना आपण कोणतें अत्तर लावीत होतों, हा विषय चार प्रौढ माणसांत निघाला कीं त्याचा शेवट ठरलेला असतो. 'आतांच्या सेंटांत तो वास राहिला नाहीं!' असें एकजण म्हणतो, आणि बाकीचे तिघे माना डोलावितात. वसईच्या होळीवर असो वा मुंबईच्या दिवाणखान्यांत, हें वाक्य आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे कीं आतां त्याची एकदां झडती घेणें प्राप्त आहे. उसासा खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो भलत्याच वस्तूसाठीं सोडला जातो, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

प्रथम त्या जुन्या वासाचें कुळ पाहूं. अनेकांच्या आठवणींत ज्या निळ्या कुपीला मानाचें स्थान आहे, तिच्यांतील 'इव्हनिंग इन पॅरिस' हें अत्तर बुर्ज्वा ह्या फ्रेंच पेढीनें १९२८ सालीं बाजारांत आणलें. तें कांहीं केवळ फुलांचा अर्क नव्हतें. त्याच्या कितीतरी आधीं, १८६८ सालीं, पर्किन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें कूमारिन प्रयोगशाळेंत तयार केलें होतें. १८७४ सालीं व्हॅनिलिन आणि १८९३ सालीं व्हायोलेट फुलाचा भास करून देणारें आयोनोन त्याच वाटेनें आलें. आपल्या मुंबईंतहि १९२२ सालीं एस. एच. केळकर आणि कंपनी ही मराठी पेढी सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायांत उतरली. सारांश, 'अस्सल' म्हणून ज्याची आठवण काढावयाची, त्यांतील बराच भाग रसायनशाळेंतच जन्मला होता. राहिलें कनोजचें अत्तर. तांब्याच्या देगेंत फुलें उकळावयाचीं आणि त्यांची वाफ भपक्यांतील चंदनाच्या तेलांत मुरवावयाची, ही रीत कनोजांत आजहि चालू आहे. ज्याला हवें त्यानें दाम मोजावे आणि फाया कानांत ठेवावा. मग विलाप कशाचा?

विलाप सोळाव्या वर्षाचा आहे. वासाची संवेदना मेंदूंतील भावनेच्या आणि स्मृतीच्या केंद्रांशीं इतर संवेदनांहून जवळच्या वाटेनें पोंचते; म्हणून एक फाया नाकाशीं धरतांच गेलेलीं वर्षें उभीं राहतात. हा गुण खरा, पण तो अत्तराचा नव्हे, आपल्या नाकाचा. आज सोळा वर्षांचा मुलगा जें फवारून कॉलेजांत जातो, त्याचेच तो पन्नाशींत गोडवे गाईल, आणि आपल्या मुलांच्या आवडीला नांवें ठेवील.

शिवाय ह्या आठवणी सांगतो कोण? बहुधा पुरुष. घरांतील वडीलधाऱ्या बायकांना एकदां विचारून पहा. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर आणि अंगावर गुलाबपाणी मिळे तें सुवासिनीला. नवरा गेला त्या दिवशीं फूल आणि अत्तर दोन्ही तिच्या आयुष्यांतून उठत. पंधरा वर्षांची विधवा असली तरी नियम तोच. कुमारिकेनें अत्तर लावलें तर 'कोणासाठीं?' असा प्रश्न येई. हें सारें फार जुनें झालें, असें कोणी म्हणूं नये. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांवरील असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ सालीं करावा लागला. ज्या काळाच्या सुगंधांत अर्ध्या घराला वांटा नव्हता, त्या काळाला सरसकट सुगंधी म्हणणें ही आठवण नव्हे, हें विस्मरण आहे.

आणि वसईकरांना तर अत्तराचा उसासा मुळींच शोभत नाहीं. वसईचा सुगंध कुपींत कधींच नव्हता. तो वाडींत होता. मोगरा, जुई, सोनचाफा पहांटे खुडावा, टोपल्या भराव्या आणि लोकलगाडीनें दादरच्या फूलबाजारांत न्याव्या, ह्या कष्टावर येथील कितीतरी घरें उभीं राहिलीं. त्या घरांतील मुलीला मोगऱ्याच्या वासानें प्रणय नव्हे, झोपमोड आठवेल. आणि तिच्या आठवणीला आमच्या मासिकांतून जागा मिळत नाहीं.

ती वाडी आज आकसत आहे. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. माणसांना घरें हवींत, हें आम्हांला कबूल आहे. बागायतदारानें आमच्या नाकासाठीं दरिद्री राहावें, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. पण समुद्रकांठच्या जमिनींतून गोडें पाणी बेसुमार उपसलें कीं खारें पाणी आंत सरकतें, आणि खाऱ्या पाण्यावर मोगऱ्याची बाग टिकत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं 'हरित वसई'ची चळवळ ह्याच जमिनीसाठीं आणि पाण्यासाठीं लढली, तेव्हां जुन्या अत्तरांच्या चाहत्यांपैकीं कितीजण तिच्या बाजूनें उभे होते?

गेलेली कुपी परत येत नाहीं, आणि तिच्यावांचून कोणाचें अडलेंहि नाहीं. वाडी मात्र अजून सगळी गेलेली नाहीं. ज्यांना सुगंधाची खरोखर चाड आहे त्यांनीं गजऱ्याच्या चार पैशांसाठीं फूलवालीशीं घासाघीस करूं नये, विहिरींच्या उपशाबद्दल महानगरपालिकेला जाब विचारावा, आणि पुढच्या हळदीकुंकवाला पहिला फाया घरांतील विधवा आत्याच्या हातावर लावावा. एवढें जमत नसेल, तर निदान नव्या पिढीच्या सेंटाला नांवें ठेवण्याचा अधिकार तरी सोडावा.