आडवाट आखण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत गावातील काही तरुण मंडळी आली होती. सर्वच सुशिक्षित, कमावती आणि चार चाकांना एकदम जोर लागणाऱ्या नव्या धर्तीच्या जीपगाड्यांची हौस बाळगणारी. त्यांनी टेबलावर एक नकाशा पसरला. नगर जिल्ह्यातील लष्करी सरावक्षेत्रावरून, टेकड्या व ओढे ओलांडीत जाणारी एक वाट त्यांनी तांबड्या पेन्सिलीने त्यावर आखली होती. सरावक्षेत्रे सुटीच्या दिवशी अशा वाहनांस मोकळी करावीत, आणि आदिलाबादच्या जुन्या विमानतळाच्या माळापासून आरंभ करावा, असे आम्ही लिहावे, ही त्यांची विनंती होती.

तारुण्याच्या साहसाला नाके मुरडणारे आम्ही नव्हे. दगडधोंड्यांतून गाडी सुखरूप काढणे ही एक विद्या आहे, आणि मुळात जीप हे वाहनच युद्धाचे अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात ती रणभूमीवर धावली व मग शेताच्या बांधावर आली. तिला पुन्हा लष्करी माळाची ओढ लागावी यात नवल नाही. परंतु नकाशा पाहताना आमच्या मनात एक प्रश्न आला: या रेघेखाली काय आहे?

नगरच्या ज्या क्षेत्रावर ती रेघ होती, त्याला के. के. रेंज म्हणतात. खारे कर्जुने या गावाच्या नावावरून हे नाव पडले. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र नगरास आले आणि तेव्हापासून रणगाड्यांचा सराव हा त्या परिसराचा नित्यक्रम झाला. परंतु तो माळ निर्मनुष्य नाही. २०२० साली नगर, राहुरी व पारनेर या तीन तालुक्यांतील २३ गावांच्या जमिनी सरावासाठी कायमच्या घेतल्या जाणार, या वार्तेने तेथे केवढी खळबळ उडाली! मुळा धरणासाठी एकदा जमीन देऊन बसलेली कुटुंबेही त्यांत होती. प्रश्न संरक्षणमंत्र्यांच्या दालनापर्यंत गेला. ज्या भूमीवर आपण राहू की नाही, या चिंतेने गावेच्या गावे झोप विसरली, ती भूमी आमच्या मित्रांच्या नकाशावर कोरी होती. विहीर नाही, गोठा नाही, मेंढरांची वाट नाही. फक्त चढ आणि उतार!

येथे कायदा काय म्हणतो तेही पाहण्याजोगे आहे. लष्करी कवायती व तोफखान्याचा सराव यांसाठी १९३८ सालचा एक कायदा अद्याप लागू आहे. सरकार राजपत्रात अधिसूचना काढते आणि ठराविक मुदतीत त्या क्षेत्रावर सराव होतो. परंतु एवढ्याने शेतकऱ्याची मालकी जात नाही. जमीन शक्य तितक्या लवकर पूर्ववत करून देण्याचे बंधन लष्करी अधिकाऱ्यावर आहे. नुकसानभरपाई ठरविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने महसुली अधिकारी सैन्याबरोबर धाडावा, असेही त्यात आहे. परकी राजवटीने केलेला हा कायदा! त्या राजवटीलादेखील एवढे कळत होते, की तोफांमागोमाग नुकसानीचा हिशेब मांडणारा एक माणूस चालला पाहिजे. मौजेच्या गाड्यांमागून कोणता महसुली अधिकारी चालणार आहे?

मंडळी म्हणतील, जेथे चाळीस टनांचा रणगाडा फिरतो, तेथे आमची दोन टनांची गाडी काय बिघडविणार? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण तो खोटा आहे. रणगाड्याचा भार त्याच्या रुंद पट्ट्यांवर पसरलेला असतो. दर चौरस सेंटीमीटरला तो एक किलोग्रॅमहून कमीच पडतो. भरल्या हवेच्या जीपचे चाक त्याच जागेवर सुमारे दुप्पट दाब देते. म्हणूनच जाणते चालक मऊ जमिनीवर उतरण्यापूर्वी चाकांतील हवा कमी करतात. कोरड्या मुरमावर या दाबाचे काही वाटत नाही. पण आपल्याकडची काळी माती एकदा भिजली, की चाकाखाली ती दबून घट्ट होते आणि तिच्यात पाणी मुरेनासे होते. उभ्या चढावर पडलेल्या चाकोरीतून पुढच्या पावसाचे पाणी धावते आणि चाकोरीची घळ होते. ही घळ बुजविण्यास शेतकऱ्याच्या दोन पिढ्या जातात.

जमीन किती काळ विसरत नाही, याचा दाखला अमेरिकेत आहे. १९४२ साली जनरल पॅटन यांनी मोहावीच्या वाळवंटात रणगाड्यांची शिकवणी घेतली. त्या पट्ट्यांच्या खुणा ऐंशी वर्षांनंतरही तेथे दिसतात. इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या पठारावर लष्करी क्षेत्रातून जाणाऱ्या जुन्या सार्वजनिक वाटा आहेत आणि त्यांवर नागरिकांच्या गाड्याही जातात. परंतु वाट ठरलेली असते, तांबडे निशाण फडकले की ती बंद होते, आणि गोळे पडतात त्या भागात कोणाचेच चाक जात नाही. त्याच पठारावर इंबर नावाचे एक गाव होते. १९४३ साली सरावासाठी ते रिकामे करविण्यात आले. त्याचे रहिवासी पुन्हा तेथे नांदावयास गेले नाहीत. वर्षातून मोजके दिवस लोक तेथील चर्च पाहण्यास जातात. वाटांचे नियम उत्तम असूनही गाव परतले नाही, ही गोष्ट आमच्या मित्रांनी ध्यानात ठेवावी.

आणखी एक धोका आहे, तो चालकाच्या जिवाचा. सरावात डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. न फुटलेला गोळा मातीत रुतून वर्षानुवर्षे पडून राहतो. पोटासाठी भंगार वेचणारी माणसे अशा गोळ्यांनी दगावल्याच्या वार्ता आपण वाचल्या आहेत. गरिबाने ज्या भुईवर पोटासाठी जीव गमावला, तिच्यावर आपण करमणुकीसाठी जावे काय?

मग वाट आखूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. आखावी, पण क्रम उलटा असावा. आधी माणसे, मग माती, मग यंत्र. प्रथम लष्कराची लेखी अनुज्ञा आणि बरोबर त्यांचा वाटाड्या. दुसरे, ग्रामसभेची संमती. गाडीवाट, पाणवठा व गुरचरण यांवरील गावाची वहिवाट आमच्या हौसेहून जुनी आहे. तिसरे, वाट मुरमाड धारेवरून न्यावी, उभ्या उतारावरून नव्हे, आणि ओढा खडकाळ तळावरच ओलांडावा. चौथे, मृगापासून पावसाळा संपेपर्यंत माळ संपूर्ण बंद असावा. त्या दिवसांत टिटवी-चंडोलापासून माळढोकापर्यंत कितीतरी पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पोखरणच्या गोळीबार-क्षेत्रात माळढोक अद्याप तग धरून आहे, तो तेथे माणसांची वर्दळ नाही म्हणूनच. पाचवे, नुकसानीची अनामत आधी भरावी.

हे जाचक वाटत असेल, तर दुसरा मार्ग आहेच. इगतपुरीजवळ एका मोटार कंपनीने याच विद्येसाठी स्वतंत्र जागा राखून शिक्षण सुरू केले. आमच्या जिल्ह्यातही काम संपलेल्या मुरमाच्या खाणी आहेत. मालकाच्या संमतीने तेथे हवे तेवढे चढउतार करावेत. विमानतळाचा माळ मात्र मागू नये. निजामी अमदानीतील ती धावपट्टी हवाई दलाची आहे, आणि तेथून नागरी विमाने उडावीत यासाठी २०२५ साली दलाची संमती मिळाली. विमान यावे म्हणून वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने तो माळ चाकोऱ्यांनी उखणावा, हे शहाणपण नव्हे. कवालच्या व्याघ्रक्षेत्राचे नाव तर काढूच नये. तेथे विनापरवाना शिरणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

शेवटी एक मनातली गोष्ट. नकाशावर रेघ ओढणे किती सोपे असते, हे आदिलाबादकरांना नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९५६ साली अशीच एक रेघ या जिल्ह्यातून गेली. किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. रेघ आखणाऱ्यांनी घरोघर जाऊन कोणास विचारले नव्हते. ज्यांनी ते दुःख सोसले, त्यांच्या मुलांनी तरी दुसऱ्याच्या रानावर न विचारता रेघ ओढू नये.

मंडळींनी आमचे बोलणे ऐकून घेतले व नकाशा गुंडाळून नेला. जाताना त्यांच्यातील एकाने विचारले, "मग त्या गावांत आधी पायी जाऊन यावे काय?" आम्ही म्हणालो, अवश्य जावे. ती वाट आखण्याची खरी सुरुवात होय.