आमची छोटी लाइन खेळणं नव्हती, मंडळी

पोस्ट लांब आहे. घाई असेल त्यांनी रात्री जेवणं झाल्यावर वाचा, आणि ज्यांना राग येईल त्यांनी पूर्ण वाचून मग रागवा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढी सवलत द्यायला हरकत नाही.

कोजागिरीला आपण सगळे जमलो होतो. दूध आटत होतं, आणि तेवढ्यात ते फोटोंचं पुस्तक हातोहात फिरायला लागलं. आपल्याच दोन घरांतल्या नातवंडांनी ते तयार केलंय. दोघं आता बाहेरगावी नोकरीला असतात, पण स्वतःचे पैसे घालून मोजक्या प्रती छापून घेतल्या. विषय आपली छोटी लाइन : गोंदिया–बालाघाट–नैनपूर–जबलपूर, आणि आपली कटंगीची फाटी. पोरांचं मनापासून कौतुक. कागद उत्तम, छपाई उत्तम. लामट्याच्या धुक्यात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो बघून माझाही चष्मा पुसायची वेळ आली, हे आधीच कबूल करतो.

भांडण पुस्तकाशी थोडंसं आहे. जास्त भांडण आहे ते पुस्तक बघून आपण जे बोललो त्याच्याशी.

"अय्या, किती गोड!" एक वहिनी म्हणाल्या. "अगदी खेळण्यातली गाडी." दुसरे म्हणाले, "हे बंद करायलाच नको होतं. हेरिटेज केलं असतं तर फॉरेनर आले असते." तिसऱ्यांनी पान उलटून विचारलं, "आमच्या बाबांचा क्वार्टरसमोरचा फोटो दिला होता, तो का नाही घेतला?" आणि माझा नातू म्हणाला, "आबाजी, हे तर डिस्नेलँडच्या ट्रेनसारखं आहे!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. पोराने आपल्या सगळ्यांच्या मनातलं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

डिस्नेलँड मी पाहिलंय. लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी हौसेने नेलं. ते पार्क १७ जुलै १९५५ ला उघडलं, आणि पहिल्या दिवसापासून त्यात एक छोट्या गेजची रेल्वे आहे. पार्कभोवती फेरी मारते. लेकीच्या शेजाऱ्यांकडे त्या पार्कचं स्मरणार्थ काढलेलं जाडजूड फोटोंचं पुस्तक होतं. त्यावरून त्यांच्यात केवढा वाद! अमुक राइडला एकच पान का, तमुक जुनी राइड गाळली कशी, रंग मूळचा तो नव्हताच. मला गंमत वाटली, पण त्यात काही गैर वाटलं नाही. ती जागा आनंदासाठीच बांधली होती. तिच्या आठवणीत आनंदच असणार. आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं, तेव्हा बोरिवलीचा माझा भाचा असाच हळहळला. तेही बरोबर. तिकीट काढून हसायला गेलेला माणूस हसूच आठवणार.

पण डिस्नेलँडच्या त्या गाडीची एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्ण फेरी मारली की तुम्ही जिथे चढलात तिथेच उतरता. आपली छोटी लाइन माणसाला दुसरीकडे नेऊन सोडायची. कॉलेजात, कोर्टात, सासरी, दवाखान्यात. सगळा फरक इथेच आहे.

अडीच फुटांचा रूळ. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टाकला. कमी खर्चात, डोंगर-जंगलातून, वळणं घेत. गोड दिसावा म्हणून कोणी तो अरुंद ठेवला नव्हता. मोठा टाकायला पैसे घालायचे नव्हते म्हणून ठेवला. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीतरी जण याच रुळाने नागपूरकडून इकडे आले. १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. नंतर राजधानी भोपाळ झाली तरी नातीगोती, लग्नं आणि मोठे डॉक्टर नागपूरलाच राहिले. आणि नागपूरला जायचं म्हणजे गोंद्याला गाडी बदलायची.

ही गाडी बदलणं काय असतं, ते पुस्तकात कुठेच नाही.

१९७८ च्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला हलवा. छोट्या गाडीच्या लाकडी बाकावर घरची गादी घातली, त्यावर बाबांना आडवं केलं. बाक अरुंद, बाबा उंच. पाय माझ्या मांडीवर. हट्टा रोड, बिरसोला, एकेक स्टेशन येत होतं आणि आई दर स्टेशनला विचारत होती, "किती राहिलं रे?" चाळीसेक किलोमीटरच तर अंतर, पण ती रात्र संपता संपेना. गोंद्याला उतरल्यावर बडी लाइनच्या प्लॅटफॉर्मवर जायचं होतं, आणि बाबांना तर चालायचं नव्हतं. एका हमालाने कुठूनशी खुर्ची आणली. बाबांना तिच्यात बसवून एका बाजूने तो आणि एका बाजूने मी, असं उचलून नेलं. "बाबूजी को सीधा रखना," एवढंच तो मला दोनदा म्हणाला. दोन रुपये घेतले आणि पुढचं ओझं उचलायला गेला. बाबा त्या खेपेला वाचले. त्या हमालाचं नाव मी विचारलं नाही. आज विचारायचं म्हटलं तर कोणाला विचारू?

पुस्तकात शंभराच्या वर फोटो आहेत. इंजिनं आहेत, सिग्नल आहेत, संध्याकाळ आहे, मोकळे डबे आहेत. हमाल एकही नाही. गँगमन एकाच फोटोत, तोही पाठमोरा. लाकडाच्या मोळ्या घेऊन बसलेल्या बायांचा एक फोटो आहे. त्याखाली छापलंय, "जंगलाचे रंग". अहो, त्या रंग दाखवायला बसल्या नव्हत्या. मोळी विकून मीठ-तेल घ्यायला निघाल्या होत्या.

आता थोडं बँकेचं बोलतो, सवय जात नाही. भात-गिरण्यांची खाती माझ्याकडे होती. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं. त्यात हमखास एक ओळ : माल गोंद्याला पडून. कारण सरळ आहे. छोट्या वॅगनमधली पोती बड्या वॅगनमध्ये आपोआप जात नाहीत. तिथे उतरवा, मोजा, पुन्हा चढवा. एकाच पोत्याची दोनदा हमाली, त्यात सांडलवंड, पावसात भिजणं. पैसे अडकले की व्याज चालूच. गिरणीवाला ते व्याज स्वतःच्या खिशातून थोडाच देणार? शेतकऱ्याच्या भावातून कापणार. आज ज्याला आपण "गोड गाडी" म्हणतो, तिच्या गोडव्याचं बिल कुठल्याशा खेड्यातला धान पिकवणारा भरत होता. त्या बिलाचा फोटो निघत नाही म्हणून ते नव्हतंच, असं होत नाही.

आणि "बंद करायलाच नको होतं" म्हणणाऱ्यांना नम्रपणे एक आठवण. बडी लाइन आपणच मागितली होती. निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या. त्यातलं एक निवेदन मीच घरच्या टाइपरायटरवर टाइप केलं होतं, आणि कोजागिरीला हळहळलेल्या चार जणांच्या तरी सह्या त्यावर होत्या. गोंद्यापर्यंत बडी लाइन झाली तेव्हा पेढे वाटणारेही आपणच. मागणी चुकीची नव्हती. मग आता असं का बोलतोय, जणू कोणीतरी बाहेरून येऊन आपलं खेळणं हिसकावून नेलं?

मला वाटतं, कारण असं आहे. आपल्या घरांत स्कूटर आली, मग मोटार आली, आणि शेवटची कित्येक वर्षं आपण छोट्या गाडीत बसलोच नाही. २०१५ साली नैनपूरकडची गाडी बंद झाली, तेव्हा आपण फोटो काढायला गेलो. त्यानंतर पाचेक वर्षं, रूळ बदलेपर्यंत आणि जंगलातल्या कामाच्या परवानग्या मिळेपर्यंत, लामटा, नगरवाडा, पडरीगंजच्या लोकांना गाडीच नव्हती. तेव्हा आपल्यापैकी किती जण कळवळले? मी नाही कळवळलो. मी मोटारीने जबलपूरला भाचीच्या लग्नाला गेलो आणि रस्ता खराब म्हणून कुरकुर केली. ज्याला गाडीची गरज उरत नाही त्यालाच ती गोड दिसते.

कोणी म्हणेल, काका, आनंदाने आठवण काढली तर बिघडलं काय? काही नाही बिघडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत खिडकीशी बसण्यावरून मीही भावाशी मारामारी केलीय. इंजिनाचा कोळसा डोळ्यात गेलेला अजून आठवतो. माथेरानची गाडी आजही हौशी प्रवाशांसाठी चालते, चालू दे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, नैनपूरलाही झालं. नातवंडांना जरूर न्या. पण संग्रहालयातल्या इंजिनाबरोबर सेल्फी काढून आपली छोटी लाइन समजली, असं समजू नका. आणि आठवण फक्त गोड-गोड ठेवली की तिचा परिणाम आजवर होतो. तो असा.

बडी लाइन आली, चांगलं झालं. जबलपूर जवळ आलं, नागपूर जवळ आलं. पण छोटी गाडी ज्या बारक्या स्टेशनांवर उभी राहायची, तिथे जलद गाड्या उभ्या राहत नाहीत. खरं नुकसान झालं ते इथे. गेलेल्या शिट्टीसाठी आपण पुस्तक काढतो; गेलेल्या थांब्यासाठी एक अर्जसुद्धा करत नाही. कारण थांब्याची गरज मोळीवालीला आहे, आपल्याला नाही. एकदा का ती गाडी आपण मनात डिस्नेलँडची करून टाकली, की तिच्यातले उतारू आपोआप शोभेचे होतात, आणि शोभेच्या माणसांना कुठे उतरायचंय हे कोणी विचारत नाही.

म्हणून पुस्तक करणाऱ्या दोन्ही पोरांना आजोबांच्या नात्याने सांगणं : दुसरी आवृत्ती काढा. पहिले पाच हजार माझे. पण त्यात गोंद्याचे हमाल शोधा, त्यांची मुलं-नातवंडं तिथेच असतील. गँगमन, पॉइंट्समन, गाडीत चणे-जांभळं विकणाऱ्या बाया, यांचे फोटो मिळाले नाहीत तर त्यांची सांगितलेली हकीकत छापा, नावानिशी.

आणि मंडळी, तुम्हाला सांगणं : आपापल्या घरच्या जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहून ठेवा. कडेला उभ्या असलेल्या माणसाचंही. आणि छोट्या स्टेशनांच्या थांब्यासाठी एक अर्ज मी लिहून ठेवलाय. टाइपरायटर आता नाही, सूनबाईने कॉम्प्युटरवर करून दिला. रविवारी सकाळी घरी या, सही करा, चहा आहेच. ज्यांना गाडी खरंच गोड वाटत होती, त्यांनी तर आधी यावं.

कोणाचं मन दुखावलं असेल तर लहान-मोठ्यांनी माफ करावं. पण वाक्य मी मागे घेणार नाही. ती गाडी खेळणं नव्हती.