काष्ठचित्रें खोदणारा हात

सचित्र बायबल हातीं आलें म्हणजे मुलें चित्रकाराचें नांव कौतुकानें वाचतात. तें चित्र लांकडांत कोणीं खोदलें हें मात्र कोणी विचारीत नाहीं. खोदणारा म्हणजे केवळ नक्कल उतरविणारा कारागीर, ही समजूत पुष्कळ सुशिक्षित पालकांचीही आहे. ती मला मान्य नाहीं.

हें काम कसें चाले तें पाहावें. बॉक्स नांवाच्या झाडाचें लांकूड अत्यंत घट्ट असतें. त्याचें खोड आडवें कापून गुळगुळीत केलेल्या ठोकळ्यावर चित्रकार चित्र काढी. मग जें जें कागदावर पांढरें राहावयाचें तें तें खोदणारा बारीक कोरणीनें काढून टाकी. उरलेल्या भागास शाई लागे. या खोदण्यांत मूळ चित्र बहुधा नाहींसेंच होई. मग चित्रकाराचा हात आपणांस दिसतो तो कोणाच्या हातून?

गुस्ताव्ह डोरे याचें 1866 सालचें बायबल सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील पर्वत, ढग व जनसमुदाय भव्य खरे. पण मला ते कधीं कधीं नाटकी वाटतात. त्यापेक्षां जॉन एव्हरेट मिले याचीं प्रभूच्या दाखल्यांचीं वीस चित्रें मी अधिक मोलाचीं मानतों. डॅल्झिएल बंधूंनीं 1857 सालीं हें काम त्याजकडे सोंपविलें तेव्हां तीस चित्रें ठरलीं होतीं. परंतु मिले घाई करीना, आणि बंधूंनींही धीर धरला. पुस्तक 1864 सालचें आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायांतील हरवलेल्या नाण्याचें चित्र घ्या. अंधाऱ्या घरांत एक स्त्री मेणबत्ती व केरसुणी घेऊन, वांकून शोधीत आहे. तेथील उजेड म्हणजे कोरून टाकलेलें लांकूड, आणि अंधार म्हणजे जपून राखलेलें. किती काढावें व कोठें थांबावें हें ज्यास कळलें, त्यास कलावंत न म्हणावें तर कोणास म्हणावें? याच विषयावरील मिलेचें तैलचित्र पुढें एका स्फोटांत नष्ट झालें, काष्ठचित्र राहिलें.

या चित्रांवर खोदणाऱ्याची म्हणून डॅल्झिएल एवढीच सही असते. तिच्या आड भावांचें, त्यांची बहीण मार्गारेट हिचें, आणि कारखान्यांतील पगारी माणसांचें काम एकत्र झालेलें आहे.