छप्पर आणि शेजार

‘निर्वासित’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे पुढे केलेला हात येतो. त्या हातावर काही ठेवले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. घर गमावलेल्या माणसाला छप्पर सरकार देऊ शकते. शेजार कोण देणार?

आपल्या महाराष्ट्रातले उल्हासनगर पाहा. १९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना ‘आपला’ म्हणावा असा प्रांतच उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाल्यावर तर बोटी भरभरून माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लष्करी छावण्या रिकाम्या होत्या, तेथे त्यांची सोय झाली. लांबच लांब बराकी आणि मध्ये गोणपाटाचे पडदे! पडद्याच्या एका बाजूला बाळंतीण, दुसऱ्या बाजूला आजारी म्हातारा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. नाव नदीचे, पण त्या वेळी तिथे राहणाऱ्यांना ते थट्टेसारखेच वाटले असेल.

सरकारने शिधा दिला, हे खरे. पण त्या बराकींचे गाव झाले ते शिध्याने नव्हे. एकाच गावाहून आलेल्यांनी आपापल्या पंचायती पुन्हा उभ्या केल्या. लग्न ठरवणे, मयताला माणसे जमवणे, गरजू मुलाची फी भरणे ही कामे पंचायतीने अंगावर घेतली. बायकांनी पापड लाटले, पोरांनी लोकलच्या डब्यातून गोळ्या-बिस्किटे विकली. प्रा. राम पंजवाणी यांनी गावोगाव विखुरलेल्या समाजाला झुलेलालाच्या भक्तीने आणि चेटीचंडच्या उत्सवाने पुन्हा एकत्र आणले. हा उत्सव आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतो. किती मराठी घरांना हे ठाऊक आहे, कोण जाणे!

प्राध्यापकवर्गाला एक उदाहरण विशेष रुचेल. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातील काही प्राध्यापक निर्वासित होऊन मुंबईस आले आणि त्यांनी १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज सुरू केले. ज्यांना स्वतःला राहायला नीट जागा नव्हती, त्यांनी आधी वर्ग भरवले. घेणारे म्हणून आलेली माणसे वर्षभरात देणारी झाली. माझ्या मते ‘आपलेपणा’ म्हणतात तो येथे सुरू होतो. आपल्याकडून कोणी काही घेते आहे, आपल्यावाचून कोणाचे अडते आहे, हे कळल्याशिवाय परके गाव आपले होत नाही.

यावर कोणी म्हणेल, की सिंधी मंडळी आपल्यातच राहिली, व्यापारात मात्र पुढे गेली. ही कुरकुर मी पुष्कळदा ऐकली आहे. परंतु आपल्यात राहू दिले म्हणूनच ती उभी राहिली. उलट न राहू दिल्यास काय होते, हे मला घरातूनच ठाऊक आहे.

माझ्या आजोबांचे गाव कोयनेच्या पाण्याखाली गेले. आज त्या पाण्याला शिवसागर म्हणतात आणि त्यावर तयार होणारी वीज आपल्या अभ्यासाच्या दिव्यात येते. कोयनेची माणसे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पांगवली गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे धरण झाल्यानंतरचा. आमच्या गावाचे तर तीन तुकडे झाले. ग्रामदेवतेची मूर्ती एका वसाहतीत, पुजारी दुसरीकडे आणि पालखीला खांदा देणारी भावकी तिसरीकडे! जमिनीच्या कागदांसाठी आजोबांनी एका कचेरीत घातलेले हेलपाटे घरातल्या सर्वांना पाठ आहेत. पण त्याबद्दल ते फारसे बोलत नसत. यात्रा बंद पडली, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत. मराठी मुलखात, मराठी बोलणाऱ्यांत राहूनही ते अखेरपर्यंत ‘धरणवाले’च राहिले. मग प्रांताबाहेरून आलेल्याची कथा काय सांगावी?

आपल्या गावाबाहेर बांधकामावर परप्रांतीय मजुरांच्या झोपड्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत अशीच माणसे रस्त्याने चालत निघालेली आपण पाहिली, हळहळलो आणि विसरलो. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे दरवर्षी आपण तेथे जुने कपडे वाटतो. वाटावेत, थंडीत ते लागतातच. पण यंदाच्या शिबिरात त्यांच्याकडून काही मागून पाहू या का? त्यांच्यात गवंडी आहेत, सुतार आहेत. ढोलक वाजवणारा एक जण तर फाटकाजवळच राहतो. स्नेहसंमेलनाला त्याला रीतसर निमंत्रण द्यावे, मानधन द्यावे आणि कार्यक्रमपत्रिकेवर इतरांबरोबर त्याचे नाव छापावे. मानधनाची तजवीज विद्यार्थी मंडळाने करायची आहे. मी माझ्या वर्गातून वर्गणी गोळा करायला तयार आहे.