चप्पल काढली, पण माती कुठाय?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. रविवारी सकाळी लॉनवर 'अनवाणी चाला, निसर्गाशी नातं जोडा' असं शिबिर भरलं. पंधरा-वीस जण चपला कडेला काढून, डोळे मिटून गोल गोल फिरले. जमिनीतली ऊर्जा तळपायातून वर चढते म्हणे. आणि बुधवारच्या मीटिंगमध्ये याच मंडळींनी हात वर करून ठराव केला: जांभळाच्या झाडाखाली उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक टाकायचे. कारण? पावसाळ्यात चिखल होतो, आणि तो पायाला लागून लिफ्टपर्यंत येतो.

आधी हसू आलं, मग राग. म्हणून हे लिहितोय.

गंमत म्हणजे ज्या लॉनवर हे नातं जोडणं चाललं होतं, त्याच्याखाली जेमतेम वीतभर माती आहे आणि त्याखाली पार्किंगचा स्लॅब. म्हणजे ऊर्जा यायचीच असेल तर ती कुणाच्या तरी गाडीच्या टपावरून येणार!

गैरसमज नको. अनवाणी चालायला मलाही आवडतं. ओली माती, तापलेला दगड, दव पडलेलं गवत यांतला फरक तळपायाला जसा कळतो तसा डोळ्यांनाही कळत नाही. पण ते सुख आहे, औषध नव्हे. आणि ते सुख आपल्याला वाटतं, कारण आपल्या चपला कडेला आपली वाट बघत असतात.

माझी आजी रायगड जिल्ह्यातली. जन्मभर अनवाणी लावणी केली तिने. टाचांच्या भेगांत रात्री भिरंडेल तापवून भरायची, आणि ते करताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून पदर दाताखाली धरायची. भाताच्या खाचरात उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो आणि जखमेवाटे तो अंगात शिरतो. अंकुशकृमी तर तळपायाच्या धड कातडीतूनही आत जातो आणि रक्त पितो. विंचवाचं तर विचारूच नका. लाल विंचू चावून कोकणात माणसं पटापट जायची. १९८०च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाड भागात प्राझोसिन वापरून ती वाचवून दाखवली, तोवर गावात मंत्र होते आणि रडारड होती. आजीला कुणी निसर्गाशी नातं जोडायला सांगितलं असतं, तर तिने आधी रबरी बूट मागितले असते.

शिबिरात अबेबे बिकिलाचंही नाव निघालं. तो १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला, हे खरंच. पण तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला, रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात पोचला आणि पुन्हा जिंकला. हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि मार्च २०१८ आठवतो ना? नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले, सुमारे १८० किलोमीटर. त्या सोललेल्या तळपायांचे फोटो पाहून मुंबईकरांनी चपला आणून वाटल्या. त्यांना कुणी 'ऊर्जा मिळाली का' असं विचारलं नाही. तेवढी अक्कल आपल्याला आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की निसर्गाशी नातं पायात काय आहे यावर ठरत नाही, पायाखाली काय आहे यावर ठरतं. चप्पल काढायला एक क्षण लागतो. चिखल सहन करायला अख्खा पावसाळा लागतो. आपण सोपं ते करतो, त्याचे फोटो काढतो आणि अवघड त्याच्यावर पेव्हर टाकतो.

झाडाच्या मुळांना हवा लागते, पाणी लागतं. पेव्हर बसले की पावसाचं बहुतेक पाणी सरळ गटारात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते काही हौसेने नव्हे. आमच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. एक काका म्हणाले, "अहो, ते दिल्लीचं झालं." ठरावाच्या विरोधात दोन हात वर होते, त्यातला एक माझा.

आता खडीचा ट्रक पुढच्या आठवड्यात येणार आहे. मी सेक्रेटरींना लेखी पत्र दिलंय, की ती जागा तशीच सोडा, चिखलावर ओळीने चार फरश्या टाका, आणि लिफ्टपाशी पायपुसणं मी स्वतः आणून देतो. अजून उत्तर नाही.

तुम्ही अनवाणी चाला नाहीतर बूट घालून चाला, माझं काही म्हणणं नाही. पण असा ठराव तुमच्याकडेही येईल. तेव्हा चप्पल पायात असली तरी चालेल, हात तेवढा खाली ठेवा.