सहलीतला अपघात ‘नशिबा’वर ढकलू नका

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. एसटीच्या आगारांत प्रासंगिक कराराच्या गाड्यांसाठी अर्ज येतात, वर्गात पैसे गोळा होतात आणि मुलांच्या दप्तरातून एक संमतीपत्र घरी येते. त्यात बहुधा एक ओळ असते : काही अनुचित प्रकार घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. आपल्या वस्त्यांतल्या अनेक आया ती ओळ न वाचताच सही करतात, कारण सही केली नाही तर पोरगी सहलीला जाणार नाही, एवढेच त्यांना सांगितलेले असते.

ही ओळ कायद्यापुढे फारशी टिकत नाही, हे आधी सांगून टाकू. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. पालकाच्या सहीने ते पुसले जात नाही. पण ओळ तरीही छापली जाते. सहलीची तयारी म्हणजे मुलांना सांभाळण्याची तयारी नसून स्वतःला वाचवण्याची तयारी आहे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातल्या मोरारजी देसाई निवासी शाळेची सहल मुरुडेश्वरला गेली होती. चार मुली समुद्रात बुडून गेल्या. ही सरकारी निवासी शाळा. अशा शाळांत शिकणारी मुले बहुतांश दलित, मागास आणि गरीब घरांतली असतात. मुख्याध्यापिकेचे निलंबन झाले, शिक्षकांना अटक झाली, नुकसानभरपाई जाहीर झाली. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या होत्या. तलाव महापालिकेचा, बोट कंत्राटदाराची, मुले शाळेची. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्याआधी २००७ मध्ये केरळच्या तट्टेकाडला बोट बुडून १५ मुले आणि ३ शिक्षक गेले होते. तट्टेकाडनंतर सतरा वर्षांनी हरणी घडते, तेव्हा बोटीत किती माणसे बसवावीत हा साधा प्रश्नसुद्धा आपण सोडवलेला नाही, हे मान्य करावे लागते.

प्रत्येक वेळी गावात, वस्तीत एकच वाक्य ऐकू येते : काळ आला होता, नशिबात होते. हे वाक्य निदान बौद्ध माणसाच्या तोंडी शोभत नाही. प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला सांगतो की कारणे असतात म्हणून परिणाम होतो. कारण काढून घेतले तर परिणाम होत नाही. मूल बुडते तेव्हा त्यामागे ओहोटीची वेळ न विचारणे असते, पन्नास मुलांमागे दोन शिक्षक असणे असते, उशिरा पोहोचलेल्या गाडीची घाई असते आणि ‘पाच मिनिटे पाण्यात जाऊ द्या ना सर’ याला नकार देण्याचा अधिकार कोणाकडेच नसणे असते. यातले एकही कारण आकाशातून पडलेले नाही. अप्पमाद या शब्दाचे भाषांतर आपण ‘जागरूकता’ असे करून वंदनेपुरते ठेवून देतो. सहलीच्या दिवशी त्याचा अर्थ मुलांची मोजदाद असा होतो.

पाण्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. महाराष्ट्रातल्या खेड्यात पोरे पोहायला शिकतात ती गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून, काकाच्या किंवा मोठ्या भावाच्या देखरेखीखाली. ज्या विहिरीला आपल्या आजोबांना शिवू दिले जात नव्हते, तिच्यात उडी मारायला कोण देणार होते? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तो हक्क पिण्याच्या पाण्याचा होता, माणूसपणाचा होता. पाण्याशी जी सवय पिढ्यान्‌पिढ्या लागते, ती मात्र एका दिवसात मिळत नाही. नदीकाठच्या वस्त्यांचा अपवाद असेल. पण आज शहरातल्या झोपडपट्टीतल्या मुलाला जलतरण तलावाची फी परवडत नाही आणि समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या मुलीला पोहणे शिकवणारे कोणी नाही. ती मुलगी पहिल्यांदा समुद्र पाहते तो थेट सहलीत. तिच्यासाठी गुडघाभर पाणीही धोक्याचे असू शकते, हे नियोजन करणाऱ्याला सुचतच नाही, कारण तो स्वतः विहिरीत शिकलेला असतो.

यावरचा सरकारी उपाय ठरलेला आहे. दुर्घटना झाली की परिपत्रक निघते : समुद्र टाळा, नदी टाळा, डोंगर टाळा. मुरूडनंतरही निर्बंधांच्या सूचना आल्या. आम्हाला हा उपाय अन्यायाचा वाटतो. ज्यांचे आईवडील मे महिन्यात मुलांना मनालीला नेतात, त्यांचे सहल रद्द झाल्याने काही बिघडत नाही. आपल्या मुलांना मात्र अजिंठा, रायगड, समुद्र दाखवणारी शाळेची सहल हीच एक संधी असते. २०२१ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली, ते चांगलेच झाले. पण शाळेने स्वतः काढलेली किनाऱ्याची साधी सहल कोणालाच ‘साहसी’ वाटत नाही, आणि मुले तिथेच बुडतात.

इंग्लंडमधले एक प्रकरण इथे उपयोगी आहे. मार्च १९९३ मध्ये लाइम बे येथे कॅनोइंग करताना चार शाळकरी मुले मेली. चौकशीत निघाले की त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी नोकरी सोडताना मालकाला पत्र लिहून सुरक्षेच्या त्रुटी कळवल्या होत्या. पत्राची दखल घेतली गेली नव्हती. कंपनी आणि तिचा संचालक दोघेही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले, आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. आम्हाला यात शिक्षेपेक्षा ते पत्र महत्त्वाचे वाटते. अपघाताआधी कोणीतरी बोललेले असते. ऐकणारे नसते.

आमच्याबाबतही हे घडले आहे, म्हणून लिहितो. एका पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या ४४ मुलांना घेऊन मावळातल्या एका लेणीवर अभ्यासदौरा काढला होता. पायऱ्यांवर शेवाळ, बाजूने ओढा. खाली उतरून गाडीत मोजले तर ४३. बाटली भरायला मागे राहिलेली पाचवीतली मुलगी वीस मिनिटांनी ओढ्याच्या पलीकडे सापडली. ती रडत होती, बाकी सुखरूप. त्या रात्री ग्रुपवर आम्ही चैत्यासमोरचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘दौरा यशस्वी’. मुलगी हरवल्याचे कुठेच लिहिले नाही. आमच्यातल्या एका कार्यकर्तीने सकाळीच विचारले होते की एवढ्या पावसात ओढ्याच्या बाजूने कशाला न्यायचे. ती वयाने लहान होती, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. धम्मशिबिरात आम्ही प्रश्न विचारायला शिकवतो आणि नियोजनाच्या बैठकीत ज्येष्ठांचा शब्द शेवटचा, हे आम्हालाच उशिरा दिसले.

त्यानंतर आम्ही एक वही ठेवली. दौऱ्यात जे थोडक्यात टळले ते तिच्यात लिहायचे, कोणाची चूक हे न लिहिता. आधी एका कार्यकर्त्याने जागा जाऊन पाहायची आणि तिथल्या माणसाशी बोलायचे. ओहोटी कोळ्याला विचारावी, लेण्यावर मधमाश्यांची पोळी आहेत का ते तिथल्या पहारेकऱ्याला. दहा-दहा मुलांचा गट, त्यांना नावानिशी ओळखणारा एक मोठा माणूस. आणि सर्वांत लहान कार्यकर्तीने ‘नको’ म्हटले तरी त्या दिवसापुरते थांबायचे. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड गेला. गेल्या खेपेला आम्ही तो पाळला, अर्ध्या वाटेवरून ५२ मुलांना परत आणले. मुले चिडली, दोन पालकांनी पैसे परत मागितले, आम्ही ते दिले.

तुमच्या मुलाच्या शाळेचे संमतीपत्र या आठवड्यात येईल. सही करण्याआधी शाळेत जा आणि विचारा : मुलांमागे शिक्षक किती, जागा आधी कोणी पाहिली, पाण्यात उतरू द्यायचे की नाही हे कोण ठरवणार. एकट्या आईला उत्तर मिळत नाही, असा आमचा अनुभव आहे. विहारातल्या दहा जणी मिळून गेल्या तर मिळते.