विश्लेषण : हाडांचे सहामाही इंजेक्शन चुकले, तर मणके का मोडतात?

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. त्यावर दिल्या जाणाऱ्या ‘डेनोसुमॅब’ या इंजेक्शनची प्रमुख पेटंट्स २०२५ मध्ये आधी अमेरिकेत आणि मग युरोपात संपली. त्यामुळे त्याच्या ‘बायोसिमिलर’ म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळत्याजुळत्या आणि तुलनेने स्वस्त औषधांची तिथे रांग लागली आहे. बेंगळुरूच्या बायोकॉनच्या औषधालाही अमेरिकी एफडीएने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. भारतात अशी औषधे त्याआधीपासून मिळतात. औषध स्वस्त झाले की सुरू करणाऱ्यांची संख्या वाढणार. मात्र हे इंजेक्शन मनात आले तेव्हा सोडता येत नाही, आणि हे पहिल्या डोसच्या वेळी प्रत्येक रुग्णाला सांगितले जातेच असे नाही.

हे इंजेक्शन नेमके काय करते?

हाड म्हणजे एकदा ओतून झालेले काँक्रीट नव्हे. शरीरात जुने हाड खरवडणाऱ्या आणि नवे हाड भरणाऱ्या पेशींचे काम सतत सुरू असते. रस्तादुरुस्तीसारखेच, आधी खरवडणे आणि मग डांबर टाकणे. रजोनिवृत्तीनंतर खरवडणे वाढते, भरणे मागे पडते आणि हाड पोकळ होत जाते. डेनोसुमॅब खरवडणाऱ्या पेशींना मिळणारा ‘रँक-एल’ हा संदेशच अडवते.

याचा उपयोग निर्विवाद आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ चाचणीत ७,८०० हून अधिक महिला होत्या. तीन वर्षांत मणक्यांचे नवे फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी, तर खुब्याचे ४० टक्क्यांनी कमी झाले.

मग डोस लांबला तर काय होते?

औषधाचा परिणाम सुमारे सहा महिने टिकतो. तो उतरला की अडवून ठेवलेल्या खरवडणाऱ्या पेशी एकदम कामाला लागतात, तेही उपचारापूर्वीपेक्षा जास्त जोमाने. कमावलेली घनता एक-दोन वर्षांत निघून जाते. वैद्यकीय भाषेत याला ‘रिबाउंड’ म्हणतात.

फ्रीडम चाचणीतील ज्या महिलांनी नंतर इंजेक्शन थांबवले, त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार सुरू असताना मणक्याच्या फ्रॅक्चरचे प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे १.२ होते, ते थांबवल्यानंतर ७.१ झाले. हा आकडा औषध न घेणाऱ्यांच्या जवळपासचा आहे, म्हणजे संरक्षण संपले इतकेच, असे म्हणता येईल. पण खरी गोम पुढे आहे. औषध थांबवल्यावर ज्यांचा मणका मोडला, त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के महिलांचे एकापेक्षा जास्त मणके मोडले होते. प्लासिबो गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास होते.

पूर्ण बंदच करायला हवे असेही नाही, नुसता उशीरही भोवतो. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारित २०२० च्या अभ्यासात, डोसला १६ आठवड्यांहून जास्त उशीर झालेल्यांमध्ये मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका वेळेवर डोस घेणाऱ्यांच्या जवळपास चौपट आढळला.

रुग्णांकडून डोस चुकतो का?

चुकतो, आणि बहुतेकदा निष्काळजीपणामुळे नव्हे. ऑस्टिओपोरोसिस स्वतः दुखत नाही. दंडात किंवा पोटावर काही सेकंदांत सुई टोचली जाते, त्यानंतर काही जाणवत नाही. ज्या औषधाने बरे वाटल्याचे कळत नाही, ते चुकल्याचेही कळत नाही. रक्तदाबाची गोळी रोज समोर असते. हे इंजेक्शन वर्षातून दोनदाच आठवायचे असते, आणि ती आठवण अनेकदा फक्त जुन्या फाइलमधल्या चिठ्ठीवर असते.

त्यातच पहिला डोस बऱ्याचदा फ्रॅक्चरनंतर हाडांचे डॉक्टर देतात. प्लास्टर निघाले, चालता यायला लागले की तिकडे जाणे थांबते. फॅमिली डॉक्टरांना या औषधाची कल्पना नसते. तपासणीला जाऊन घेतलेल्या इंजेक्शनचा खर्च, रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देणाऱ्या आरोग्य विम्यात बसत नाही, त्यामुळे तो घरच्यांच्या खिशातून जातो. ‘आता बरी आहे मी, कशाला खर्च’ हे वाक्य मग घराघरांत ऐकू येते.

पुण्या-मुंबईच्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो. मुला-मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांना पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिने राहता येते. डोसचे अंतरही नेमके तेवढेच. निघण्याच्या दोन महिने आधी डोस झाला असेल, तर पुढची तारीख परदेशातच येते. परत आल्यावर जेट लॅग, पाहुणे आणि सण यांत आणखी एक महिना जातो.

करोनाकाळात हाच प्रश्न जगभर उभा राहिला होता. तेव्हा अमेरिका व युरोपातील हाडविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त सल्ला दिला होता : शेवटच्या इंजेक्शनपासून सात महिन्यांपलीकडे डोस लांबवू नका, जमत नसेल तर तात्पुरती गोळी सुरू करा. हा सल्ला आजही उपयोगाचा आहे.

इतर इंजेक्शनांचे काय?

वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हाडातच मुरते आणि हळूहळू ओसरते. त्यामुळे त्याला थोडा उशीर झाला तरी असा झटका बसत नाही. त्याची तक्रार वेगळीच असते : पहिल्या डोसनंतर तीन दिवसांत सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ताप, अंगदुखी असा त्रास होतो. ‘त्या सलाइनने मी आजारी पडले’ म्हणत अनेक जण पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. खरे तर दुसऱ्या डोसला हे प्रमाण सात टक्क्यांच्या आत येते, हे आधी सांगितले तर अर्धी भीती जाईल. मूत्रपिंडे कमजोर असल्यास मात्र हे औषध चालत नाही.

टेरिपॅराटाइड हे नवे हाड भरणारे औषध. पेनने रोज स्वतः टोचायचे, साधारण दोन वर्षांपर्यंत. पेन फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि वापर सुरू केल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यावे लागते. लोडशेडिंगच्या गावात ही अट सोपी नाही. तेही संपल्यावर पुढचे औषध लागतेच.

दुष्परिणामांची भीती किती खरी?

जबड्याचे हाड कुजणे किंवा मांडीच्या हाडाचे विचित्र फ्रॅक्चर हे दुष्परिणाम दुर्मीळ आहेत, पण खरे आहेत. म्हणून दात काढायचे असतील तर शक्यतो आधी काढून घ्यावेत. मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले तर सांगावे. डायलिसिसवरील रुग्णांमध्ये कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, असा ठळक इशारा एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये डेनोसुमॅबवर दिला. डोसपूर्वी कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासणे त्यासाठीच असते. गफलत होते ती इथे : दाताच्या डॉक्टरांनी ‘हाडांचे इंजेक्शन थांबवा’ म्हटले की रुग्ण ते थांबवून टाकतात. दोन्ही डॉक्टरांचे बोलणे होऊन, दातांचे काम दोन डोसच्या मधल्या काळात बसवणे हा मार्ग असतो.

बंदच करायचे असेल किंवा तारीख उलटली असेल तर?

बंद करता येते, पण जागा रिकामी ठेवून नाही. साधारणपणे सहा महिने पूर्ण होताना झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी देऊन उतार सौम्य केला जातो. किती काळ, हे आधी किती वर्षे इंजेक्शन घेतले आणि फ्रॅक्चर झाले होते का यावर डॉक्टर ठरवतात.

तारीख उलटली असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. डॉक्टरांना विचारून राहिलेला डोस लवकरात लवकर घ्यावा आणि पुढचे सहा महिने त्या दिवसापासून मोजावेत. मधल्या काळात पाठीत अचानक कळ आली, उंची कमी वाटू लागली किंवा बाक आला, तर ‘वयाचे दुखणे’ म्हणून मालिश करून घेऊ नये. आधी मणक्यांचा एक्स-रे काढावा आणि शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, ती तारीख डॉक्टरांना सांगावी.